टकलावरचे गोंदण

सोनेनाणे इथेच राहते, गोंदण मात्र मेल्यावरही सोबत येते, असे मानणारी पिढी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत अजून आहे. त्या पिढीतल्या एखाद्या आजीच्या हातावरची तुळस गोंदली तेव्हा काळीभोर आणि रेखीव होती. साठ वर्षांनी ती निळसर-हिरवी दिसते आणि तिच्या कडा पसरलेल्या असतात. त्वचेत रंग टोचण्याची तीच क्रिया आता शहरांत टक्कल झाकण्यासाठी केली जाते. तिचे नाव ‘स्काल्प मायक्रोपिगमेंटेशन’, म्हणजे डोक्याच्या त्वचेत रंगाचे सूक्ष्म ठिपके टोचणे. तिच्या जाहिरातींत ‘वर्षानुवर्षे टिकते’ आणि ‘नको वाटल्यास काढता येते’ ही दोन आश्वासने अनेकदा शेजारी शेजारी असतात. ती कितपत खरी आहेत, हे पाहण्यासाठी आधी ही क्रिया समजून घ्यावी लागेल.

या उपचाराने एकही केस उगवत नाही. वस्तऱ्याने गोटा केल्यावर डोक्यावर केसांच्या मुळांचे बारीक काळे ठिपके दिसतात. तसेच हजारो ठिपके बारीक सुयांनी काढले जातात. पूर्ण टक्कल असलेल्याला त्यामुळे नुकतेच केस कापल्यासारखे रूप मिळते. विरळ केस असलेल्याची मधली गोरी त्वचा गडद होते आणि केस दाट वाटतात. केशरोपणानंतर डोक्याच्या मागे राहिलेला व्रणही असा झाकता येतो. काही दिवसांच्या अंतराने साधारण दोन ते चार बैठकांत काम पुरे होते.

रंग टिकतो कसा, याचे उत्तर त्वचेच्या रचनेत आहे. वरचा थर, म्हणजे बाह्यत्वचा, साधारण महिन्याभरात नवा होत राहतो. तिथे ठेवलेला रंग तिच्याबरोबर झडून जातो. म्हणून सुई त्याखालच्या अंतस्त्वचेच्या वरच्या भागापर्यंत न्यावी लागते. तिथे शरीराच्या संरक्षक पेशी रंगाचे कण बाहेरची वस्तू समजून गिळतात, पण पचवू शकत नाहीत. अशी पेशी मेली की तिच्यातले कण शेजारची नवी पेशी उचलते. फ्रान्समधील मार्सेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून हे दाखवून दिले. गोंदण टिकते ते या हस्तांतरामुळे.

सगळे कण मात्र जागेवर राहत नाहीत. काही लसिकावाहिन्यांतून जवळच्या लसिकाग्रंथींपर्यंत जातात. गोंदणाच्या रंगाचे अतिसूक्ष्म कण या ग्रंथींत साठलेले २०१७ मध्ये युरोपातील शास्त्रज्ञांना आढळले. उन्हातील अतिनील किरणांनीही रंग फिका पडतो आणि डोक्याइतके ऊन शरीराच्या फार थोड्या भागांना लागते. त्यातच इथले ठिपके लहान आणि उथळ असतात. त्यामुळे साधारण तीन ते पाच वर्षांत पुन्हा रंग भरण्याची वेळ येते. फिके पडणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे. रंग कमी होतो, त्याची छटा बदलते, पण काही अंश मागे उरतो. ‘तात्पुरता’ म्हणून विकल्या जाणाऱ्या रंगालाही हे लागू आहे.

काम बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण खोली हे आहे. सुई उथळ राहिली तर ठिपके काही आठवड्यांत पुसट होतात. ती खोल गेली तर रंग आजूबाजूला पसरतो आणि ठिपके एकमेकांत मिसळून डाग दिसू लागतो. खोलवरचा काळा रंग त्वचेतून पाहताना निळसर दिसतो. आजीच्या गोंदणाच्या निळसर छटेमागे प्रकाशाचा हाच नियम आहे. डोक्याच्या त्वचेची जाडी सगळीकडे सारखी नसते, व्रणावर तर ती वेगळीच असते. त्यामुळे हाताचा सराव इथे निर्णायक ठरतो.

दुसरा धोका संसर्गाचा. निर्जंतुक न केलेल्या सुईतून कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही पसरू शकतात. गोंदवून घेतल्यावर आपल्याकडे बारा महिने रक्तदान करता येत नाही, ते यासाठीच. पण सुई नवी असली तरी शाई दूषित असू शकते. अमेरिकेतील रोचेस्टर शहरात २०११ मध्ये गोंदवून घेतलेल्या १९ जणांना क्षयाच्या जंतूंच्या जातकुळीतील एका जंतूचा त्वचासंसर्ग झाला. काळा रंग पातळ करून बनवलेली तयार करडी शाई त्याच्या मुळाशी निघाली. डोक्यावरचे ठिपके नैसर्गिक दिसावेत म्हणूनही पातळ केलेल्या छटाच वापरतात. म्हणून शाई कशाने पातळ केली, हा प्रश्न विचारायलाच हवा.

काही धोके ज्याच्या त्याच्या प्रकृतीवर अवलंबून असतात. रंगाची ॲलर्जी महिन्यांनी किंवा वर्षांनीही उद्भवू शकते. जखमेवर जाड, वाढता व्रण येण्याची प्रवृत्ती असलेल्यांनी सुईपासून दूर राहावे. सोरायसिससारख्या विकारात टोचलेल्या जागी नवे चट्टे उठू शकतात.

केस गळण्यामागे आनुवंशिकता असते, तसेच थायरॉइडचा विकार, लोहाची कमतरता किंवा केसांची मुळे कायमची नष्ट करणारा त्वचारोगही असू शकतो. यांतल्या काहींवर वेळीच उपचार झाले तर केस वाचतात. निदानाआधीच ठिपके टोचले तर लक्षण झाकले जाते आणि आजार आत चालू राहतो.

काळाचा हिशेबही मांडायला हवा. पंचविशीतला तरुण कपाळावर खाली, अगदी सरळ केशरेषा मागतो. पन्नाशीत दाढी आणि कानशिले पांढरी होतात, चेहरा बदलतो, ती रेषा मात्र त्याच जागी राहते. टक्कल पुढे सरकले तर ठिपक्यांभोवती नवी मोकळी जागा तयार होते आणि आणखी ठिपके टोचावे लागतात.

मग ‘काढता येते’ या आश्वासनाचे काय? मुख्य उपाय लेसरचा. ठरावीक लांबीच्या प्रकाशलहरीचा अतिशय अल्पकाळाचा झोत रंगाच्या कणांना फोडतो. त्यांचे तुकडे शरीर हळूहळू वाहून नेते. दोन बैठकांत काही आठवड्यांचे अंतर ठेवावे लागते. ठिपक्यांतील रंग उथळ आणि थोडा असल्याने मोठ्या गोंदणापेक्षा हे काम सहसा कमी बैठकांत होते. कार्बनचा काळा रंग लेसरला चांगला प्रतिसाद देतो. लोहाची संयुगे किंवा पांढरा टायटॅनियम डायऑक्साइड मिसळलेला असेल, तर लेसरने तो उलट गडद होऊ शकतो. आपल्या सावळ्या त्वचेवर काळे किंवा पांढरे डाग पडण्याचा धोका अधिक असतो. उरलेल्या केसांतही रंगद्रव्य असते. लेसरने ते केस काही काळ पांढरे पडू शकतात. थोडक्यात, काढणे शक्य आहे, पण तो खर्चाचा आणि वेदनेचा दुसरा उपचारच असतो.

नियमांचे चित्र विस्कळीत आहे. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून गोंदणाच्या शाईतील हजारो रसायनांवर मर्यादा घातल्या. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सौंदर्यासाठी त्वचेत टोचायला एकाही रंगद्रव्याला मान्यता दिलेली नाही, तरी तिथे हा व्यवसाय चालतो. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये केशरोपणाबाबत सूचना काढल्या आणि यूट्यूब पाहून मिळवलेले ज्ञान हे प्रशिक्षण नव्हे, असे बजावले. पण आयोगाचा अधिकार डॉक्टरांपुरता आहे. सलूनमधली सुई त्याबाहेर राहते.

हे सारे पाहता हा उपचार थोतांड नाही. चांगल्या हाताने, योग्य व्यक्तीवर केला तर तो गेलेला आत्मविश्वास परत देतो आणि त्यात शस्त्रक्रिया नसते. चूक होते ती त्याला केस कापण्याच्या रांगेत बसवण्यात. त्वचेत शिरणारी सुई आणि शाई यांसाठी सरकारने किमान नोंदणी, निर्जंतुकीकरण आणि शाईतील घटक जाहीर करणे बंधनकारक करावे. तोपर्यंत ग्राहकाने आधी त्वचारोगतज्ज्ञाकडून निदान करून घ्यावे आणि शाईच्या सीलबंद बाटलीवरचे घटक वाचावेत. त्याच कारागिराने तीन-चार वर्षांपूर्वी केलेले एखादे डोकेही प्रत्यक्ष पाहावे. पहिल्या दिवशीच्या छायाचित्रात सगळेच ठिपके रेखीव असतात.