हसण्याची साक्ष

कारखान्यांच्या देखभाल-दुरुस्ती विभागांत एक विशिष्ट जातीचा विनोद पिढ्यान्‌पिढ्या नांदत आला आहे. तीन बोटे गमावलेल्या फिटरला चहा सांगायला पाठवू नये, तो पंजा दाखवून पाच मागेल आणि येतील दोनच, असे त्याच्या तोंडावर म्हटले जाते आणि सर्वांत मोठ्याने तोच हसतो. सभ्य श्रोत्याला हे ऐकवत नाही. त्या अस्वस्थतेपायी या हसण्याचे दोन अर्थ लावले जातात, आणि ते दोन्ही सोयीचे म्हणूनच खोटे आहेत.

पहिला अर्थ व्यवस्थापनाचा. तुटलेल्या बोटाचीही ज्याला थट्टा सुचते, तो मुळातच बेफिकीर असला पाहिजे! या समजुतीला शास्त्राचे पाठबळही मिळाले. विमा कंपनीत काम करणाऱ्या हाइनरिख या अमेरिकी लेखकाने 1931 च्या ग्रंथात 100 पैकी 88 अपघातांचे खापर माणसाच्या असुरक्षित वर्तनावर फोडले. हा हिशेब विम्याच्या दाव्यांतून आणि कारखानदारांच्या दप्तरांतून झाला होता, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

दुसरा अर्थ साहित्यरसिकांचा. त्यांना या हसण्यात दुर्दम्य जीवनेच्छा दिसते. अण्णा भाऊ साठे आणि नारायण सुर्वे यांनी श्रमिकांचे जग मराठीत आतून आणले. पण त्या जगाचे कौतुक करणाऱ्यांना कामगार एक तर झुंजार हवा असतो, नाही तर पीडित. तो हसू लागला की त्याच्या जखमेची चौकशी संपते आणि जिद्दीचा गौरव सुरू होतो. हा गौरव व्यवस्थापनाच्या दोषारोपापेक्षा सौम्य असेल. परिणाम मात्र तोच. यंत्र जागच्या जागी राहते.

वस्तुतः देखभाल कामगाराची स्थिती इतरांहून वेगळी आहे. इतरांचे रक्षण करणारी जाळी उघडून आत हात घालणे, हेच त्याचे काम. 1948 च्या कारखाना अधिनियमाने यंत्रांना कुंपण सक्तीचे केले. पण चालू यंत्राच्या तपासणीसाठी वाटही ठेवली. प्रशिक्षित प्रौढ पुरुषाने, अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून ते काम करावे आणि त्याचे नाव नोंदवहीत असावे, अशी अट घातली. म्हणजे उत्पादन न थांबता कुणाला तरी फिरत्या चक्राजवळ जावे लागणार, हे कायद्यानेही गृहीत धरले होते.

अपघातानंतर येणारे 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याचे परिशिष्ट तर अधिकच बोलके होते. अंगठा गेल्यास कमाईची क्षमता 30 टक्के घटली, तर्जनी गेल्यास 14, मधले बोट गेल्यास 12, करंगळी गेल्यास 7! चहाचा विनोद ज्यांना क्रूर वाटतो, त्यांनी हे कोष्टक वाचावे. बोटांची मोजदाद कामगाराने सुरू केलेली नाही; तो केवळ तिची नक्कल करतो.

आणि देखभालीकडे दुर्लक्ष झाले की किंमत केवळ बोटांत चुकवावी लागत नाही. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात डिसेंबर 1981 मध्ये फॉस्जिनने एका कामगाराचा बळी घेतला. तरीही 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री विषारी वायू सुटला, तेव्हा टाकी थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिने बंद होती. वायू जाळणाऱ्या मनोऱ्याकडे जाणाऱ्या नळीचा गंजलेला तुकडा काढलेला होता आणि नवा बसवलेला नव्हता. पुढे कंपनीने दोष दिला तो एका असंतुष्ट कामगाराच्या घातपाताला. दुरुस्ती रखडवायची आणि नंतर बोट कामगाराकडे दाखवायचे, ही रीत इथे तिच्या नग्न रूपात दिसली.

कामगाराच्या काळ्या विनोदाकडे साक्ष म्हणून पाहिले पाहिजे ते याचसाठी. अपघाताच्या नोंदवहीत 'निष्काळजीपणा' हा शब्द लिहिला जातो. कोणती जाळी कधीपासून नव्हती आणि यंत्र थांबवायला कोणी नकार दिला, हे त्या थट्टेत शिल्लक राहते, कारण ते उघड बोलणाऱ्याची नोकरी जाऊ शकते. दर वर्षी 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनी शपथा घेतल्या जातात. त्या दिवशी फलकावरची घोषणा वाचण्याऐवजी दुरुस्ती विभागातले विनोद ऐकावेत आणि प्रत्येकातले यंत्र शोधून काढावे. तेवढे धैर्य ज्यांच्यात नाही, त्यांना कामगाराच्या बेफिकिरीवर बोलण्याचा अधिकार नाही आणि त्याच्या जिद्दीवर लिहिण्याचाही नाही.