‘लोकां’च्या संशोधनात स्त्रिया कुठे होत्या?

१/ संशोधन ‘लोकांवर’ नव्हे, ‘लोकांसह’ व्हावे, ही सहभागी संशोधनाची प्रतिज्ञा. कोलंबियन समाजशास्त्रज्ञ ऑर्लांदो फाल्स बोर्दा यांच्या पुढाकाराने १९७७ साली कार्ताहेना येथे भरलेल्या परिषदेने तिला जगभर वजन मिळवून दिले. पण यातले ‘लोक’ म्हणजे नेमके कोण?

२/ १९८७ साली अमेरिकी अभ्यासक पॅट्रिशिया मग्वायर यांनी यावरच बोट ठेवले. या संशोधनातील ‘लोक’ बहुतांशी पुरुषच असतात, असे त्यांनी दाखवून दिले. शोषितांची बाजू घेणारा अभ्यासकही घरातील सत्तेकडे डोळेझाक करू शकतो.

३/ दोनच वर्षांनी, १९८९ मध्ये, मराठीत उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचा ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांवरचा ग्रंथ प्रकाशित झाला. दोघी त्याच चळवळीतल्या. त्यांनी कागदपत्रे धुंडाळली आणि कार्यकर्त्या स्त्रियांना गाठून बोलते केले. शीर्षकातील सर्वनाम ‘त्यांनी’ नाही, ‘आम्ही’ आहे.

४/ नेमके हेच सर्वनाम अनेकांना खुपते. ‘या आठवणी आहेत, इतिहास नव्हे; चळवळीतल्यांनीच चळवळीविषयी लिहिले म्हणजे पक्षपात आलाच,’ हा ठरलेला आक्षेप. पण पोलिसांचा अहवाल किंवा मामलेदाराचे दप्तरही कुणीतरी, कुठल्यातरी खुर्चीवरून लिहिलेले असते. त्या लेखणीची जात आणि तिचे लिंग विचारण्याची आपल्याला सवय नाही, म्हणून ती तटस्थ वाटते.

५/ एक उदाहरण. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात दलित महिलांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. परिषदेचे ठराव आणि भाषणे छापील वृत्तांतात सापडतात. परंतु तेथवर पोहोचताना कुणाची मजुरी बुडाली, तान्हे मूल कुणापाशी राहिले, घरातून विरोध झाला की पाठबळ मिळाले? वृत्तांत यावर सहसा गप्प असतो. विचारल्याखेरीज हा पुरावा निर्माणच होत नाही. आणि विचारण्यासाठी आधी तो प्रश्न सुचावा लागतो.

६/ मग आतली व्यक्ती सांगेल ते प्रमाण मानायचे का? मुळीच नाही. स्मृतीही इतर साधनांप्रमाणेच ताडून पाहावी लागते. शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये दलित स्त्रीवादी भूमिदृष्टी मांडली, तेव्हा ती केवळ जन्माने मिळते असे म्हटले नाही. दलितेतर स्त्रीवाद्यांनाही ती शिकून, स्वतःला बदलून घडवता येते. मात्र दलित स्त्रियांच्या ‘वतीने’ बोलून नव्हे.

७/ तेव्हा एखादा प्रकल्प ‘स्त्रियांचा सहभाग घेतला’ असे मिरवत असेल, तर दोन गोष्टी तपासाव्यात. प्रश्न ठरवताना त्या स्त्रिया उपस्थित होत्या का? आणि काढलेला निष्कर्ष खोडून काढण्याचा अधिकार त्यांना होता का? दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल, तर त्या प्रकल्पाने स्त्रियांकडून केवळ माहिती नेली आहे. तिला सहभाग म्हणण्याचा हक्क त्याला नाही.