बेरीज नऊ

साताऱ्याची एमएच ११ असो की सांगलीची एमएच १०, नवी गाडी घेताना अनेकांची पहिली चौकशी असते ती ‘बेरीज किती येते?’ याची. नऊ यावी म्हणून जादा शुल्क भरून पसंतीचा क्रमांक घेतला जातो. हौसेला मोल नसते, तोवर ठीक. पण हाच हिशेब सांगणारा पुढे मुलीच्या नावाचे स्पेलिंग आणि शस्त्रक्रियेची तारीखही ठरवू लागला, की प्रश्न गाडीपुरता राहत नाही.

१ ते ९९९९ या क्रमांकांत बेरीज नऊवर येणारे क्रमांक ११११ आहेत, म्हणजे दर नवांत एक. दहाला नऊने भागले की एक उरतो, शंभराला भागले तरी एक, हजारालाही एकच. त्यामुळे अंक कोणत्याही स्थानी असो, बाकीत तो स्वतःच्या किमतीनेच उतरतो. बेरीज नऊ आली याचा अर्थ संख्येला नऊने पूर्ण भाग जातो, एवढाच.

आकड्यांतली खरी गंमत पाहायची तर देवळालीच्या शाळेतले शिक्षक द. रा. कापरेकर यांच्याकडे जावे. नऊ वेळा एक लिहा, १११११११११, आणि तिला तिनेच गुणा. उत्तर येते १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकी, उलटसुलट सारखीच. अंकांची बेरीज ८१ आणि ८१ नेच तिला पूर्ण भाग जातो. यात दैवी काही नाही. गुणाकार कागदावर मांडला की एकांच्या ओळी पायऱ्यांसारख्या सरकत जातात, मधल्या रकान्यात नऊ एक जमतात आणि हातचा कुठेच येत नाही. दहा वेळा एक घेऊन पाहा: मध्ये हातचा चढतो आणि डौल मोडतो. अशा संख्यांना कापरेकरांनी ‘डेम्लो’ म्हटले, तेही एका रेल्वे स्थानकावरून! पदव्युत्तर पदवी नसलेल्या या शिक्षकाची जगाला ठळक ओळख झाली ती १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी लिहिल्यावर.

डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. सांगलीत विलिंग्डन महाविद्यालयात आणि मिरजेत वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. अशा दाव्यांना ‘सिद्ध करा’ म्हणण्याची सवय त्यांनी या भागाला लावली. ती सवय शाळेच्या गणिताच्या तासाला सर्वांत सहज लागते, असे आमचे मत आहे. शस्त्रक्रियेची तारीख मात्र डॉक्टरांनीच ठरवावी, त्यात बेरजेचे काम नाही.

मुलांना घरच्या गाडीचा चार अंकी क्रमांक घ्यायला सांगा. अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची. समजा २३४५: ५४३२ मधून २३४५ गेले, ३०८७ उरले. पुन्हा तेच केले की ८३५२, मग ६१७४. तिथून पुढे ६१७४ च येत राहते. सात पायऱ्यांच्या आत सगळे क्रमांक तिथेच पोहोचतात, बेरीज काहीही असो. अट एकच, चारही अंक सारखे नकोत. हौसेने घेतलेला ९९९९ पहिल्याच वजाबाकीत शून्य होतो.