टॉल्स्टॉयचा शेरा आणि आमची पाटी

थोरानें पुस्तक वाखाणलें म्हणून त्याचें पानन् पान खरें ठरत नाहीं, ही साधी गोष्ट आमच्या विद्वान मंडळींस कोणीं सांगावी? गांधीजींच्या 'हिंद स्वराज्या'विषयीं शंका काढली कीं, ही मंडळी टॉल्स्टॉयचें नांव पुढें करतात. "खुद्द त्या ऋषीनें नांवाजलेलें पुस्तक! तुम्ही कोण लागून गेलां?" आम्ही खेड्यांतले पंतोजी. म्हणूनच ही शंका आम्हीं काढावयाची.

आधीं हकीकत पाहूं. हें पुस्तक गांधीजींनीं १९०९ च्या नोव्हेंबरांत विलायतेहून दक्षिण आफ्रिकेस परततांना बोटीवर गुजरातींत लिहिलें. त्याचें इंग्रजी भाषांतर त्यांनीं ४ एप्रिल १९१० रोजीं टॉल्स्टॉयकडे रशियांत पाठविलें व अभिप्राय मागितला. म्हातारा तेव्हां ८१ वर्षांचा. ८ मे रोजीं त्याचें उत्तर निघालें. नि:शस्त्र प्रतिकाराचा प्रश्न एकट्या हिंदुस्थानाचा नसून सर्व मानवजातीचा आहे, म्हणून पुस्तक आस्थेनें वाचलें. प्रकृति बरी नाहीं, सविस्तर मागाहून लिहीन, असा त्याचा मतलब. सप्टेंबरांत लांबलचक पत्र लिहिलें, त्यांतहि मुख्य विषय प्रेमधर्माचा व अप्रतिकाराचाच. नोव्हेंबरांत तो वारला.

म्हणजे टॉल्स्टॉयनें त्या पुस्तकांत आपल्या जिवाचा प्रश्न शोधला व तो सांपडतांच आनंद मानला. यांत त्याचा दोष नाहीं. पण आमच्या जिवाचा प्रश्न निराळा आहे, आणि तो त्याच पुस्तकांत शिक्षणाच्या प्रकरणांत बसला आहे. शेतकरी इमानानें भाकरी मिळवितो, जगांत वागावें कसें तें जाणतो. त्याला अक्षरें शिकवून त्याच्या सुखांत कोणती भर पडणार, उलट तो आपल्या झोपडीवर नाराज मात्र होईल, असा तेथें सूर आहे. शिक्षण सक्तीचें करण्याचें कारण नाहीं, असेंहि म्हटलें आहे.

आमचें उत्तर सरळ आहे. होय, त्यानें नाराज व्हावें! अंगठा उठवून ज्याचें शेत गेलें, त्याला समाधानाचा उपदेश कशाला? हा सवाल जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें सोडविला होता. पैसा रयतेच्या घामाचा, शाळा मात्र वरच्या वर्गाची, हा अन्याय त्यांनीं मांडला व बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा असें मागितलें. शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं कोल्हापुरांत तें सक्तीचें व मोफत केलें.

आणि ज्या टॉल्स्टॉयची साक्ष काढतां, त्याचें चरित्र तरी वाचा. त्या जमीनदारानें १८५९ सालीं आपल्या गांवीं कुळांच्या पोरांसाठीं शाळा घातली, १८७२ सालीं स्वतः बाराखडीचें पुस्तक छापलें. शाळेंत सक्ती त्याला नको होती, हें आम्ही लपवीत नाहीं. पण शेतकऱ्याला अक्षर नको, असें त्याच्या हातानें सांगितलें नाहीं. गांधीजींच्याच पुढाकारानें भरलेल्या १९३७ च्या वर्धा परिषदेनें सात वर्षांचें मोफत व सक्तीचें शिक्षण मागितलें. गुरु पुढें गेला, शिष्य मात्र १९०९ च्या पानावर बसून राहिले!

देशानें हा हक्क कायद्यानें अमलांत आणला तो १ एप्रिल २०१० रोजीं. तें पुस्तक रशियाकडे निघाल्यास शंभर वर्षें भरावयास अवघे तीन दिवस उरले होते. एवढा उशीर कोणाच्या पदरीं घालावयाचा?

आमच्या शाळेंतील चौथीची पोर बापाला सातबारा वाचून दाखविते. भलतें नांव कोठें शिरलें तें बोट ठेवून सांगते. बाप नाराज होतो, आणि उठून तलाठ्याकडे जातो. ही नाराजी आम्हांस हवी आहे. बांधवांनो, थोरांचीं पुस्तकें अवश्य वाचा. पण दुसऱ्याच्या शेऱ्यावर नव्हे, स्वतःच्या डोळ्यांनीं, आणि आपला प्रश्न हातांत धरून वाचा.