चीज बोर्ड कोणासाठी?

गुरुवारची संध्याकाळ. उद्या सुट्टी, म्हणून घरी पाहुणे येणार. अशा वेळी कुवेतमधल्या काही मराठी घरांत हल्ली चीज बोर्ड मांडतात. लाकडी पाटावर चार प्रकारचं चीज, द्राक्षं, खजूर, बिस्किटं. करायला सोपं आणि दिसायला सुंदर! मलाही ते आवडतं. पण माझं स्पष्ट मत आहे: पाहुण्यांना काय चालतं, हे विचारल्याशिवाय चीज बोर्ड मांडू नये.

कारण सांगतो. चीज करताना दूध घट्ट व्हावं म्हणून त्यात बहुतेक वेळा रेनेट घालतात. पारंपरिक रेनेट वासराच्या पोटातून काढतात. शाकाहारी रेनेटही मिळतं. भारतातल्या अमूल चीजमध्ये ते असतं, म्हणून त्याच्या पाकिटावर हिरवा ठिपका दिसतो. पण इटलीच्या पार्मिजानो रेज्जानो चीजमध्ये वासराचंच रेनेट वापरायचा नियम आहे. म्हणजे दुधाचं असलं, तरी प्रत्येक चीज शाकाहारी नसतं.

आता समजा, पाहुण्यांबरोबर त्यांची शाकाहारी आजी आली आहे. तुम्ही आग्रह करता, "आजी, घ्या ना, दुधाचंच आहे!" आजी विश्वासानं खातात. हे बरोबर आहे का? मला नाही वाटत. त्यांना कधीच कळलं नाही, तरी आपण अर्धंच सांगितलेलं असतं.

काही जण म्हणतील, "एवढं कोण बघतं? उगाच पाहुण्यांना अवघडल्यासारखं होतं." पण आपल्याकडे जेवायला बोलावताना "उद्या उपवास नाही ना? कांदा-लसूण चालतं ना?" असं विचारतातच. त्यात आणखी एक प्रश्न! मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तिथेही वापरणाऱ्याला काय हवं, ते आधी विचारतात आणि मग काम सुरू करतात.

इथे तुमची मदत होऊ शकते. कुवेतमध्ये चीजच्या डब्यावर अरबीत माहिती असते. अनेक आई-बाबांना अरबी वाचता येत नाही, पण तुमच्यापैकी बरेच जण शाळेत अरबी शिकतात. डब्यावर "मिन्फहा" हा शब्द शोधा. मिन्फहा म्हणजे रेनेट. पुढे "नबातिया" असेल, तर ते शाकाहारी रेनेट असतं. सुटं चीज घेताना दुकानदाराला विचारा. नक्की कळलं नाही, तर ते चीज वेगळ्या ताटलीत ठेवा आणि पाहुण्यांना तसं सांगा.

मग बोर्डावर काय ठेवायचं? लबने जरूर ठेवा. दही टांगून त्यातलं पाणी काढलं की लबने होतं, म्हणजे ते आपल्या चक्क्याचं भावंडच! वरून ऑलिव्ह तेल आणि जातर घाला. हलूमी तव्यावर भाजा. ते वितळत नाही. अक्कावी खारट असतं, म्हणून आधी थोडा वेळ पाण्यात ठेवा. पनीरचे तुकडे आणि शेंगदाण्याची चटणीही छान लागते. प्रत्येक चीजजवळ मराठीत नाव लिहून एक चिठ्ठी ठेवा. खाली लिहा: "शाकाहारी रेनेट", "रेनेट नाही" किंवा "माहीत नाही".

फोटोत बोर्ड कसा दिसतो, हे मला कमी महत्त्वाचं वाटतं. पाहुणा मनात शंका न ठेवता खाऊ शकला, तर पाहुणचार चांगला झाला.

तुम्हाला काय वाटतं? पाहुण्यांना आधी विचारावं, की फक्त चिठ्ठ्या पुरेशा आहेत? पाच-सहा वाक्यांत लिहा.