पोरगं पोवाड्याच्या तालमीला गेलं, तर बिघडलं कुठं?

सोयाबीन काढणीला आलंय, मजूर मिळत नाहीत आणि कॉलेजातलं पोरगं सांगतं, "युवक महोत्सवाची तालीम आहे, येता येणार नाही." अशा वेळी बापाचं डोकं फिरणारच. "तुला शिकायला पाठवलंय का नाचायला?" हा सवाल रास्तही आहे. फी, खोलीभाडं, मेस सगळं शेतातूनच जातं. पण शेतकरी बंधूंनो, राग गिळून थोडा हिशेब करून पाहा.

कला ही आता विद्यापीठात नुसती हौस राहिलेली नाही. पुणे विद्यापीठात १९८७ पासून ललित कला केंद्र आहे. तिथं संगीत, नृत्य, नाट्य शिकवलं जातं. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत आपल्याच शाहिरीचा, भारुडाचा, लावणीचा पदव्युत्तर अभ्यास होतो. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नंतर राज्य शासनाने एप्रिल २०२३ मध्ये पदवीचा नवा आराखडा काढला. त्यात खेळ, एनएसएस यांच्याबरोबर सांस्कृतिक कार्य आणि कलांनाही श्रेयांक, म्हणजे पदवीत धरले जाणारे गुण ठेवले आहेत.

यातून मिळतं काय? करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे नगरच्या कॉलेजात शिकले. विद्यार्थी असतानाच केलेल्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढचा 'सैराट' (२०१६) आपण सर्वांनी पाहिला. पण प्रत्येक पोरगं मंजुळे होणार नाही, आणि कलेवर हमखास नोकरी मिळेल असं कुणी सांगत असेल तर त्यावर भरवसा ठेवू नका. खरा लाभ वेगळाच आहे. वर्गात मान वर न करणारं खेड्यातलं पोर शेकडो माणसांपुढं उभं राहून बोलायला शिकतं. मुलाखतीत, बँकेत, ग्रामसभेत हीच धिटाई कामाला येते.

मग घोडं अडतं कुठं? श्रेयांक आले, पण तालुक्याच्या किती कॉलेजांत कला शिकवणारा माणूस आहे? तो नसेल तर फॉर्म भरायचा, हजेरी लावायची, गुण घ्यायचे, एवढंच होणार. फीच्या पावतीवर सांस्कृतिक कार्यक्रमाचं शुल्क अनेकदा लावलेलं असतं. पुढच्या पालक सभेत प्राचार्यांना थेट विचारा : शिकवतो कोण? तास किती होतात? हे पैसे कुठं जातात?

शिकवणारा माणूस शोधायला लांब जायला नको. कलावंत आणि कारागीर यांना कॉलेजात शिकवायला बोलवावं, यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ साली मार्गदर्शक सूचना मांडल्या आहेत. वृद्ध कलावंतांच्या मानधनाचे अर्ज सरकारकडे जातात, म्हणजे गावोगावच्या शाहिरांची, गोंधळ्यांची, भजनी मंडळींची नावं दप्तरात आहेतच. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनी ती यादी काढून, त्या कलावंतांना विचारून, जवळच्या कॉलेजला पत्रानं कळवावी. खर्च पोस्टाच्या तिकिटाचा.

म्हातारा शाहीर गेला की त्याची विद्याही त्याच्याबरोबर जाते. तो आहे तोवर पोरांना त्याच्यापुढं बसवा. काढणीचं काय? तालमीची वेळ विचारून घ्या आणि सकाळचं काम पोराकडून करून घ्या. दोन्ही जमतं.