माती परीक्षणाशिवाय खत नको, रक्त तपासणीशिवाय इंजेक्शन नको



ऊस नोंदीच्या निमित्ताने आम्ही पाटोदा, मुखेड, अंदरसूल शिवारात फिरतो. उसाच्या गोष्टी संपल्या की चाळिशी-पन्नाशीचे सभासद हळूच विचारतात, "साहेब, अंगात पहिल्यासारखी ताकद राहिली नाही. ते पुरुषी हार्मोनचे इंजेक्शन घ्यावे काय?" आम्ही शेतकी पदविकेची माणसं, डॉक्टर नव्हे. तरी डॉक्टर मंडळी जे सांगतात ते आपल्या भाषेत मांडणे आम्हास अगत्याचे वाटते.

टेस्टोस्टेरॉन काय चीज आहे, हे शेतकऱ्याला वेगळे शिकवायला नको. गोऱ्हा खच्ची केला की त्याची मस्ती उतरते, कारण वृषणात तयार होणारे हे द्रव्य बंद पडते. माणसाची दाढी, आवाज, स्नायू, हाडे, कामेच्छा यांवर त्याचाच अंमल. १९३५ साली शास्त्रज्ञांनी ते वेगळे काढले व त्याच साली प्रयोगशाळेत बनवलेही. वृषणाला जबर मार लागला, मोठेपणी गालगुंडात वृषण सुजले किंवा मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीत गाठ झाली, तर हे द्रव्य खरोखर कमी पडते. अशा माणसाने औषध घेण्यात कसलीही लाज नाही.

परंतु थकवा आला म्हणजे हेच कमी आहे, असे नव्हे. उसावर केवडा पडला म्हणून कोणी डोळे झाकून युरिया फेकीत नाही. जमीन चुनखडीची असेल, लोह मिळत नसेल, पाणी साचले असेल. तसेच मधुमेह, थायरॉईड, रक्त कमी असणे, सुटलेले पोट, झोपेत श्वास अडकणे, दारू, कर्जाची काळजी, ही सारी ताकद खातात. कित्येकांचे वजन उतरले की टेस्टोस्टेरॉन आपोआप वाढते.

म्हणून आधी तपासणी. रक्त सकाळी, उपाशीपोटी द्यावे आणि एका तपासणीवर निकाल लावू नये. अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली घालून दिलेला दंडक असा: लक्षणे हवीत, शिवाय वेगवेगळ्या दिवशी दोनदा सकाळी केलेल्या तपासणीत प्रमाण डेसिलिटरला ३०० नॅनोग्रॅमच्या खाली हवे.

आता सर्वांत महत्त्वाचे. पालखेडच्या कालव्याला आवर्तन आले की आपण विहिरीची मोटर बंद करतो. शरीरही तेच करते. बाहेरून हार्मोन आले की मेंदूकडून वृषणाला जाणारा हुकूम थांबतो आणि शुक्रजंतू तयार होणे घटते, पुष्कळदा बंदच पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे इंजेक्शन चक्क पुरुषांचे संततिनियमनाचे साधन म्हणून तपासले गेले! बंद केल्यावर बहुतेकांची मोटर पुन्हा सुरू होते, पण महिनोन्‌महिने लागतात, काहींना वर्षाहूनही जास्त. आणि आपल्याकडे मूल होत नाही म्हटले की बोल सुनेला लागतो. पोरगा जिममध्ये काय टोचून घेतो, हे कोणी विचारीत नाही. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या बापांनी हे ध्यानात ठेवावे.

ज्याला डॉक्टरने औषध दिले, त्यानेही तपासणी चुकवू नये. रक्त घट्ट होऊ शकते. हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांवर गेले तर औषध थांबवावे लागते. प्रोस्टेट व रक्तदाबावर नजर हवी. प्रोस्टेटचा कर्करोग असलेल्यास हे सहसा देत नाहीत. अंगाला जेल लावत असाल तर ती जागा झाकावी, लेकराबाळांना तिचा स्पर्श होऊ देऊ नये. हृदयविकार असलेल्या किंवा त्याचा धोका असलेल्या पाच हजारांवर पुरुषांचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत, पण ठोके अनियमित होणे व फुफ्फुसात गुठळी होणे थोडे जास्त आढळले.

भिंतीवरच्या 'मर्दानगी'च्या जाहिरातींना तर मुळीच भुलू नये. कामशक्ती वाढवण्याच्या औषधांची अशी जाहिरात करण्यास १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे.

तेव्हा सभासदांनी आधी साखर, हिमोग्लोबिन व थायरॉईड तपासून घ्यावे. मग जरूर पडल्यास नाशिकला हार्मोनच्या तज्ज्ञाकडे जावे. अजून मूल व्हायचे असेल तर ते डॉक्टरला पहिल्याच भेटीत, न लाजता सांगावे. अशांसाठी दुसरी औषधे असतात. चिठ्ठीशिवाय इंजेक्शन मात्र कोणीही घेऊ नये, ही आमची आग्रहाची विनंती आहे.